कठड्यावरचा पाहुणा

"सगळा जन्म सुव्यात गेला, बिद्या, आणि सुवा काही बघितलं नाही," दादा म्हणाला तेव्हा मी रोट्या लाटत होते.

"मग इतकी वर्षं बस काय डोळे मिटून चालवत होतास?"

"रस्ता बघत होतो ग. लोक उतरायचे, बघायला जायचे. मी बस वळवून परत."

खरंच होतं ते. माझा थोरला भाऊ रामसमुझ म्हणजे इथे फिजीत, सुवा शहराच्या नासेसे भागाचा अख्ख्या वस्तीचा बसवाला. त्या बसला काचा नाहीत, पाऊस आला की ताडपत्री सोडायची. ताडपत्री सोडा, असं ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा बसला होता. वहिनी गेली, माझेही यजमान गेले, तेव्हापासून आम्ही दोघं भावंडं एका छपराखाली भांडत होतो. मग त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. सिडनीहून त्याच्या मुलीने, प्रणीताने, कागद केले. बापाला कायमचं तिकडे बोलावलं. आत्याचे कागद होत नाहीत म्हणे. बरं झालं, कोण जाणार त्या थंडीत, असं मी चार जणींना सांगत सुटले.

तर जायच्या आधी दादाला प्रवासी व्हायचं होतं. मोठमोठ्या फुलांचा शर्ट आणला, गवती टोपी आणली, गळ्यात कॅमेरा अडकवला.

"शोभतं का हे वयाला?" मी म्हणाले.

"प्रवाशाला वय नसतं," म्हणाला, आणि धक्क्यावर लागलेल्या बोटीतल्या गोऱ्यांच्या घोळक्यात सहलीचं तिकीट काढून बसला.

संध्याकाळी हसत हसत घरी आला. खाडीपलीकडच्या गावात त्यांना नेलं होतं. तिथे पाहुण्यांनी आधी यंगोना नावाच्या गुंगीच्या मुळ्यांची जुडी ठेवून आत यायची परवानगी मागायची, मगच गावात पाऊल टाकायचं. जुडी ठेवायला पाहुण्यांचा एक म्होरक्या लागतो. गोऱ्यांनी वयाकडे बघून दादालाच पुढे ढकललं. आणि चटईवर यजमान म्हणून बसलेला कोण? सेमिसी! दादाचा जन्माचा दोस्त. आमच्या ओट्यावर बसून त्याच मुळ्यांचं पाणी पीत रात्र काढणारा.

"मला बघून मेल्याला हसू आवरेना," दादा सांगत होता. "तरी तोंड गंभीर करून विचारतो, पाहुणे कुठून आले? मी म्हटलं, लांबून. या जमिनीवर आज पहिल्यांदाच पाय ठेवतोय, मला आत घ्या. त्यानेही टाळ्या वाजवून जुडी घेतली, जमिनीला सांगितलं, हा नवा माणूस आला, याला ठेवून घे."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. हसण्यासारखंच होतं की ते.

दोन दिवसांनी दादा बागेतलं म्युझियम बघायला गेला. खिडकीतली पोरगी म्हणाली, "काका, परत तिकीट कशाला? आत्ताच तर आत गेलात." दादाला वाटलं, चेष्टा करते. आत गेला तर पहारेकरी म्हणाला, छत्री विसरलात ना, तिकडे मांडलेल्या जुन्या होडीपाशी ठेवलीय. छत्री दादाचीच होती. मुठीला मी बांधलेली लाल चिंधी होती. आणि सकाळी तीच छत्री मी स्वतः दाराआड टांगलेली पाहिली होती.

"तूच नेली असशील," मी म्हणाले.

"नेली नाही, बिद्या. पाऊस नव्हता."

मग बाजारात मासेवाली म्हणाली, आत्ताच खेकडे घेऊन गेलात. बसस्टँडवर त्याचा जुना सोबती म्हणाला, हाक मारली तर बघितलंही नाहीस, सिडनीची हवा आत्ताच डोक्यात गेली का? दादा जिथे जाई तिथे तो आधीच येऊन गेलेला असे. शेवटच्या दिवशी त्याने स्वतः पाहिलं. नासेसेला समुद्राच्या कठड्यावर एक माणूस पाठमोरा बसला होता. फुलांचा शर्ट, गवती टोपी. दादा रस्ता ओलांडून गेला तर कठडा रिकामा.

"हात लावून बघितला," दादा म्हणाला. "बसल्या जागी ऊब होती ग."

त्याचा चेहरा पाहून मी टोमणा गिळला.

दादा गेला. शर्ट, टोपी, छत्री, सगळं मी माझ्या हाताने त्याच्या बॅगेत भरलं होतं. विमानतळावर तो रडला नाही, मीही नाही. घरी येऊन रिकाम्या ओट्यावर मात्र मोठमोठ्याने रडले.

नंतर प्रणीताचा फोन आला. "आत्या, बाबा बोलतच नाहीत. खुर्चीत बसवलं तर बसतात, उठवलं तर उठतात. घास तोंडातच राहतो. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. पण आत्या, डोळ्यांत कोणी नाहीच."

त्याच संध्याकाळी मी बाजारातून येताना बसमधून पाहिलं. ओहोटी होती, चिखल पार लांबवर उघडा पडला होता, आणि कठड्यावर तो बसला होता. मी तिथेच बस थांबवून उतरले. या वेळी तो गेला नाही. बाजूने पाहिलं तरी दादाच. फक्त तोंड माझ्याकडे वळवेना. पाण्याकडे बघत होता, नवा माणूस बघतो तसं, डोळे भरून.

मी घाबरले का? घाबरले. पळाले का? नाही. भाऊ आहे माझा. दुसऱ्या दिवशी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले, दोन कप नेले. त्याचा कप शेजारी ठेवला. चहा निवून जाई, पण मी बोलत राही. शेजारणीची कागाळी, डाळीचा भाव, सगळं. येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे, बघोत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. तिकडे काहीही असो, माझा दादा इथे होता.

पण प्रणीताचा फोन रोज येई. "आत्या, वजन उतरलंय. नळीने भरवतात. असंच राहिलं तर बाबा जातील."

मग मी खाडीपलीकडे सेमिसीकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो मटकन चटईवर बसला.

"ताई, जाताना तो निरोप मागायला आलाच नाही."

"स्वतःच्या गावातून जायला कसला निरोप मागायचा?"

"गावचाच असता तर गोष्ट वेगळी. पण चटईवर बसून तो म्हणाला, मी नवा आहे, मला आत घ्या. मी घेतला. चटईवर थट्टा करायची नसते, आम्ही दोघा गाढवांनी केली. जमिनीने त्याला ठेवून घेतलंय. आता जुडी ठेवून सोडवून घ्यावं लागेल."

"मग सोडव ना! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

"मी नाही, ताई. त्याच्या घरच्या माणसाने मागायचं. मनापासून मागायचं. ज्याला तो इथे हवाय, त्यानेच."

मी तशीच उठून घरी आले. त्या दिवशी चहा नेला, कठड्यावर बसले. त्याच्या शर्टावरची फुलं फिकट झाली होती की मला तसं दिसलं, कोण जाणे. मनात म्हटलं, दादा, मी तुला सोडलं तर मला कोण रे?

सकाळी जुडी विकत घेतली आणि सेमिसीच्या चटईवर जाऊन बसले. पुढे ठेवली. म्हणाले, "माझा भाऊ जातोय. त्याला जाऊ द्या." सेमिसीने टाळ्या वाजवून जुडी घेतली.

संध्याकाळी सवयीने दोन कप घेऊन कठड्यावर गेले. कोणी नव्हतं. हात लावून पाहिला, दगड गार होता. तरी मी दोन्ही कप भरले, आणि फोन वाजला.

"आत्या, बाबा बोलले!" प्रणीता रडत होती. "दुपारी उठून बसले, डाळभात मागितला. आणि सारखं म्हणतायत, बिद्याला फोन लाव, तिला म्हणावं कठड्यावर एकटी बसू नकोस, भिजशील. कसला कठडा ग, आत्या?"

चहात थेंब पडायला लागले होते. मी त्याचा कप उपडा केला आणि घरी निघाले.