शिक्षावहीतला शब्द

माहितीदार क्रमांक ११४. मिस टॅबिथा थिसलवेट, वय ४९, अविवाहित. मुख्याध्यापिका, हॅलबेक ग्रामशाळा, उत्तर यॉर्कशर. बोलींच्या कोशासाठी नऊ वर्षांत शब्दांच्या बाराशे चिठ्ठ्या धाडल्या. शेरा: स्थानिक बोलीची निष्ठावान रक्षक.

गुरुवारी या रक्षकाची परीक्षा होती. कोशाच्या कचेरीतून पिकरिंगसाहेब शाळेत आले होते. सोमवारी कोशाची पानं छपाईला जाणार, आणि ‘रिगवेल्टेड’ला, म्हणजे पाठीवर पडून उठता न येणाऱ्या मेंढीच्या शब्दाला, आधार एकट्या टॅबिथाबाईंचा. गावातल्या कुणी तो साहेबांसमोर आपणहून उच्चारला नाही, तर शब्द बाद.

साक्षीला म्हातारी अ‍ॅग्नेस रॉ. सगळा जन्म मेंढरांत गेलेला. ती चर्चची टोपी घालून आली, तेव्हाच बाईंनी धोका ओळखला. टोपीबरोबर चर्चची भाषाही येते.

“मेंढी पाठीवर पडली, तर काय म्हणता आजी?” साहेबांनी विचारलं.

“अत्यंत खेदजनक घटना, महाशय.”

“आणि घरी?”

“घरीही आम्ही शुद्धच बोलतो.” म्हातारीने बाईंकडे पाहिलं.

साहेबांनी चिठ्ठीवर काट मारायला पेन्सिल टेकवली. बाई पुढे झाल्या.

“अहो मिसेस रॉ, रोज बोलता तसं बोला की!”

“व्हय? आन् मार्चात माझ्या नातीला, लिझीला कोपऱ्यात हुबं केलंसा, त्ये? ‘मेंढी रिगवेल्टेड झालीया’ येवढंच म्हनली पोर! पायाचं पार लाकूड झालं तिच्या.”

पेन्सिल उचलली गेली, पण साहेबांनी मान हलवली. “हा नातीचा शब्द, ऐकीव झाला. लेखी पुरावा चालेल. तारखेनिशी काही आहे?”

होतं. बाईंच्या खणात, बाईंच्याच वळणदार अक्षरात. त्यांनी खण उघडून शाळेची शिक्षावही बाहेर काढली.

“छापताना शाळेचं नाव गाळता येईल?”

“आधार पूर्ण छापतो आम्ही.”

बाई क्षणभर वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग ती टेबलावर ठेवली.

“तासभर लिवलंय का, तेवडं बगा सायेब,” म्हातारी म्हणाली.

कोशात तो शब्द आहे. खाली आधार: हॅलबेक ग्रामशाळा, शिक्षावही, २ मार्च १९०३. लिझी रॉ, वय ८. ‘रिगवेल्टेड’ असं गावंढळ बोलली. एक तास कोपऱ्यात.