परदेशी जाण्याची तालीम

कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते आजवर कुणी तोंडावर बोलून दाखवलेलं नाही. नवऱ्याने एकदा कडाक्याचं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तो भांडत नाही. मग मीच भांडी घासताना स्वतःशी भांडते.

नवऱ्याला न्यूझीलंडहून पत्र आलं तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता आणि मी चव्वेचाळीसची. तो तळोज्याला मासळीच्या शीतगृहात मशिनरी सांभाळतो. थंडावा गेला की टनावारी माल सडतो, म्हणून सणवार न बघता धावतो. तिकडच्या लोकांना अशीच माणसं हवी होती. महिन्याभरात कळवा, फॅमिली घेऊन या, असं पत्रात होतं. फॅमिली म्हणजे नवरा, बायको आणि आमची चौदा वर्षांची मुलगी. सासूबाई त्यांच्या फॅमिलीत बसत नव्हत्या.

मला जायचं होतं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? वीस वर्षं नवीन पनवेलच्या एका मेडिकलमध्ये काउंटरमागे उभी आहे, पायाच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात. वारा फिरला की औद्योगिक वसाहतीकडून वास येतो आणि मुलगी खोकत खिडक्या लावत सुटते. त्यात आमचं वय. पुढच्या वर्षी आम्हाला कोण विचारणार होतं? नवरा मात्र सकाळी हो म्हणायचा आणि संध्याकाळी बघू म्हणायचा. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा हा माणूस ठामपणे सांगत नाही, इथे तर देश सोडायचा होता.

सगळं अडलं होतं एकाच ठिकाणी. आई एकट्या राहतील का? सासूबाईंना मी आईच म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म सगळा उरणकडच्या खाडीकाठच्या गावात काढलेला. सासरे गेल्यावर सुकापूरला आमच्याकडे आल्या. हृदयात स्टेंट बसवलेला, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू. बाकी ठणठणीत. लिफ्ट बंद असली की चार मजले चढून यायच्या आणि वर आल्यावर मलाच विचारायच्या, दमलीस का म्हणून. नवऱ्याने एकदा वृद्धाश्रमाचं नाव काढलं आणि स्वतःच ताट बाजूला सारलं. आईच म्हणाल्या, "तुमी जा. मी काय पाळण्यातलं पोर हाय?"

तेव्हा मला ते सुचलं. नवऱ्याच्या मित्राची बदली झाली होती, रोडपालीचा त्याचा फ्लॅट रिकामा होता. म्हटलं, आपण तिघं तीन आठवडे तिथे जाऊन राहू. आई इथे एकट्या. मध्ये कुणी यायचं नाही, जायचं नाही. आपण न्यूझीलंडलाच आहोत असं समजायचं. जमलं तर पत्राला हो म्हणायचं, नाही जमलं तर विषय कायमचा बंद. मला वाटलं, केवढी शहाणी मी.

नियम मी केले आणि मी नियम केले की ते पाळले जातात. न्यूझीलंड तेव्हा आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे होतं. मी एक जुनं गजराचं घड्याळ तिथल्या वेळेला लावून रोडपालीच्या ओट्यावर ठेवलं. दिवसाला एकच व्हिडिओ कॉल, दुपारी एक वाजता, म्हणजे तिकडचे साडेआठ. अधेमधे फोन करायचा नाही, तिकडे काय आपण कामं सोडून फोन करणार आहोत? एक वाजता मी दुकानामागच्या खोलीत डबा उघडायची, मुलगी शाळेतून आलेली असायची, नवरा शीतगृहातून जोडला जायचा. तीन आठवड्यांच्या गोळ्या मी वारांप्रमाणे डब्यांत भरून दिल्या. समोरच्या दारातल्या आपांना किल्ली दिली. आपांची दोन मुलं दोह्याला आहेत, त्यांच्या नवऱ्याचाही जन्म आखातात गेला. रिकाम्या घराचा सराव त्यांच्याइतका कुणाला नव्हता.

आईंना हा खेळ फारच आवडला. परीक्षा आहे म्हणा की माझी, म्हणाल्या. पहिल्याच दिवशी लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला, समोर ताठ बसल्या आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तिकडं किती वाजलं गं?"

आम्ही तिघं तीन ठिकाणी हसत सुटलो. मुलीने सांगितलं, साडेआठ वाजले आजी. मग तिकडे थंडी आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मुलीने सांगितलं की तिकडे सगळं उलटं असतं, आता उन्हाळा आहे. बाई बाई, म्हणाल्या, डिसेंबरात घाम. रोज हेच चालायचं. सुकट केली होती त्याचं ताट कॅमेऱ्यापुढे धरायच्या आणि तुम्हाला कुठे मिळतंय तिकडे, म्हणून चिडवायच्या. आम्ही तर पाच-सहा किलोमीटरवर होतो. दुकानापासून आमची बिल्डिंग चालत दहा मिनिटं. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने रिक्षा घ्यायची, पाय वळायला नकोत म्हणून.

सहाव्या दिवशी आई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. घरात त्यांनी पदर घेणं कधीच सोडलं होतं. मी विचारलं, आई, कुणाला लाजताय? तर म्हणाल्या, परदेशातला फोन, जरा मर्यादा नको का? पुन्हा हसलो आम्ही. पदर कपाळाच्या पार खाली, भुवयांपर्यंत ओढलेला होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशीही. मला दिसत होता तो. खरं सांगते, मनात एकदा आलंसुद्धा की हे काहीतरी वेगळं आहे. पण पहिला आठवडा छान गेला होता, आणखी दोन आठवडे छान जायला हवे होते. मी विचारलं नाही.

मग ताट दाखवायचं बंद झालं. जेवण झालं म्हणायच्या. बोलणंही जरा जड वाटायला लागलं, शब्द तोंडात घोळवल्यासारखे. मुलगी म्हणाली, आजी कशी बोलतेय बघ ना, आपण जाऊन येऊया का? मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, तिकडे गेल्यावर प्रत्येक वेळी विमानात बसून येणार आहेस का? दुपारची डुलकी मोडून बसतात त्या, म्हणून तसं वाटतं. तिला गप्प करणं सोपं होतं.

तेराव्या दिवशी आईंनी नेहमीसारखं विचारलं, तिकडे किती वाजले. मुलीने साडेआठ सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एवढ्या उशिरा पोर जागी का? विमान कसं होतं? आम्ही तिघंही हसलो. नवरा तर म्हणाला, आई नाटकात हवी होती. खेळ कधी संपला ते आम्हाला कळलंच नाही. त्यांच्यापुरते आम्ही खरोखरच गेलेलो होतो.

पंधराव्या दिवशी अकराच्या सुमारास दुकानात गर्दी होती. एका गृहस्थांना मी गोळीची वेळ समजावून देत होते, तेवढ्यात काउंटरसमोर आपा दिसल्या. पायात घरातल्याच सपाता, धाप लागलेली. म्हणाल्या, "त्यांनी मला कसम घातली होती. मी तोडली. चल तू आधी."

रिक्षात सगळं कळलं. पाचव्या दिवशी आई न्हाणीत घसरल्या आणि कपाळ नळावर आपटलं. आवाज ऐकून आपाच धावल्या, बर्फ लावला, हळद दाबली. मला फोन करायला निघाल्या तर आईंनी त्यांचा हात धरून ठेवला. मी पडले हे कळलं की पोरं जायची नाहीत, म्हणाल्या, आणि म्हातारीने अडवलं असं जन्मभर व्हायला नको. टेंगूळ ओसरलं, म्हणून आपाही निवांत झाल्या. त्या दिवशी सकाळी मात्र जळका वास आला म्हणून किल्लीने दार उघडलं. गॅसवर रिकामं पातेलं लाल झालेलं आणि आई जमिनीवर बसलेल्या. डावा हात उचलला जात नव्हता.

मी आपांना विचारलं, मला एका शब्दाने का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "आम्ही बायका त्या फोनवर कधी खरं बोलतो? मुलांना काय, चेहरा दिसला की पुरतं."

मला त्यांचा राग आला नाही. राग करायला तोंड कुठे होतं मला? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला तर एक तासही थांबू नका, हे मी त्या काउंटरवर किती जणांना सांगितलंय. समोरचा कंटाळेपर्यंत सांगते. आणि माझ्याच घरात आतल्या आत रक्त साचत होतं, वर मीच भरून दिलेल्या गोळ्या त्या वार चुकू न देता घेत होत्या. गोळ्यांच्या डब्या मी नंतर पाहिल्या. तेराव्या दिवसापर्यंतचे सगळे खण रिकामे होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, मेंदूवर दाब येतोय, रक्त थोडं थोडं करत दहा दिवस साचलंय, आधी आणायला हवं होतं. नवऱ्याने विचारलं, किती आधी? डॉक्टर म्हणाले, आठवडाभर. मी पदराचा हिशोब करत होते. कवटीला भोक पाडून रक्त काढलं, आई वाचल्या. डावी बाजू मात्र लुळी राहिली आणि डोक्यातलं जे विस्कटलं ते पुन्हा लागलं नाही. या वयात आता एवढंच, असं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

पत्राला उत्तर द्यायची मुदत आम्ही वॉर्डात असतानाच संपली. नवऱ्याने काही कळवलं नाही, मी विचारलं नाही. एकदाच, आईंना घरी आणल्यावर, त्यांचं अंथरूण घालताना तो म्हणाला, "तुला तो पदर दिसला होता ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मलाही दिसला होता." त्यानंतर आम्ही दोघं चादरीचे कोपरे गादीखाली खोचत राहिलो. मुलगी दारात उभी होती. ती हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते.

न्यूझीलंडचं ते घड्याळ रोडपालीहून सामानात परत आलं. मी त्यातला सेल काढून टाकला आणि घड्याळ माळ्यावर फेकलं. उपयोग काहीच झाला नाही, कारण घड्याळ आईंच्या डोक्यात चालू आहे.

मी आता दुकानात फक्त संध्याकाळी जाते. दिवसभर घरी आईंजवळ. सकाळी त्यांना पुसून घेते, केस विंचरते, अन्न बारीक करून भरवते. त्या वेळी त्या मला कधी मावशी म्हणतात, कधी कुणी नर्स समजतात, डावं अंग दुखून कण्हत असतात, चिडतात, एकदा तर चावल्याही. पण दुपारी एक वाजायला आला की काय कळतं कोण जाणे. उजवा हात चाचपडत डोक्याकडे जातो आणि पदर कपाळावर ओढायला बघतो. नीट येत नाही, मग मीच पुढे होऊन घेऊन देते. मी समोर स्टुलावर बसते. त्या माझ्याकडे बघतात आणि मला ओळखतात. दिवसातून तेवढं एकदाच.

"तिकडं किती वाजलं गं?"

सुरुवातीला मी समजावत होते. आई, आम्ही इथेच आहोत, सुकापूरलाच, कुठेही गेलो नाही. हात हातात घेऊन सांगत होते. त्या ऐकून घ्यायच्या आणि मग इतक्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या की बघवत नसे. परत आलात? माझ्यापायी आलात? जे होऊ नये म्हणून त्या दहा दिवस फुटकं डोकं झाकून बसल्या, तेच मी त्यांना रोज नव्याने सांगत होते. म्हणून आता सांगत नाही.

"साडेआठ, आई," मी म्हणते. तिकडची घड्याळं मध्यंतरी तासभर मागे गेली असणार, पण आमच्याकडे साडेआठच.

"मग जेवा नि झोपा. माझी काळजी नको. मी बरी हाय."

हे बोलताना त्या उशीवरून पाठ उचलून ताठ बसतात. चेहऱ्यावर हसू आणतात, उजव्या बाजूला तेवढं येतं. कण्हणं एकदम थांबतं. मी समोर असेपर्यंत त्या तशाच बसून राहतात, कारण त्यांच्या लेखी फोन चालू असतो. मान कापायला लागते, कपाळावर घाम येतो, तरी हसू सोडत नाहीत. एकदा मी मुद्दाम उठले नाही, म्हटलं बघू किती वेळ ओळख टिकते, आणि बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्या बरी हाय, बरी हाय म्हणत राहिल्या.

तेव्हापासून मी फार वेळ बसत नाही. ठेवते हं आई, असं म्हणते आणि उठून दाराबाहेर जाते, त्यांना दिसणार नाही अशी भिंतीला लागून उभी राहते. आतून उशीवर पडल्याचा आवाज येतो. मग त्या कण्हायला लागतात.