नेमणुकीआधीचा हात

मालिशवाली नेमताना प्रमाणपत्राआधी मी तिचा हात बघते. माझ्या स्पाची ही पद्धतच आहे. मी पालथी झोपते आणि आलेली बाई माझी पाठ चोळून दाखवते.

परवा सुनंदाबाई आल्या. त्यांनी काचेच्या बांगड्या कोपराकडे सारल्या, वाजू नयेत म्हणून वर रुमाल बांधला आणि तेल आधी स्वतःच्या तळहातांत कोमट केलं. मी मनात गुण देत होते. दाब बरोबर, लय बरोबर. बाकी काही जाणवत नव्हतं. हे गेल्यापासून माझी पाठ दुसऱ्या कुणाची असावी तशी झालीय.

डाव्या खांद्यापाशी हात थांबले.

"इथं दुखतंय का, ताई?"

"नाही."

"एवढी गाठ आहे. दुखायला हवं होतं."

दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं मी वर्षभर धरून चालले होते. आता त्या जोर लावतील असं वाटलं. नवख्या बायका तिथं हमखास लावतात. यांनी नुसता तळहात ठेवला, बराच वेळ. मग तो उचलत विचारलं, "कधीपासून येऊ?"

उद्यापासून या, असं म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "ठेवा ना, अजून थोडा वेळ."