दोन स्टारचा तांदूळ

सत्यमला लहानपणापासून एक खोड होती. कुणी काही सांगायला लागलं की "माहीत आहे मला" म्हणायचं आणि मग घरी जाऊन गुपचूप शोधत बसायचं. याच खोडीच्या जोरावर तो इंजिनिअर झाला, हिंजवडीत नऊ वर्षं संगणकापुढे बसून पगारही घेतला. पण खोड ती खोडच. तिच्यापायी टाकवे बुद्रुकच्या बजरंग आबांची दीड एकर भातखाचरं विकली जायची तेवढी राहिली होती.

नोकरी सोडून तो गावी परतला तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. हिंजवडीत बसून तो परदेशातल्या हॉटेलांसाठी ॲप लिहायचा. कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या माणसाला त्याचा पिझ्झा दहा मिनिटं आधी मिळावा, यासाठी याने इथे डोकं झिजवायचं. आणि दुपारी डबा उघडला की इंद्रायणीचा वास अख्ख्या मजल्यावर पसरायचा, चार माणसं विचारायला यायची, कुठून आणता हो हा तांदूळ? आणायचा कुठून! गावचा तांदूळ गिरणीवरनं व्यापाऱ्याकडे जायचा, तिथे त्यात काय काय मिसळायचे ते देव जाणे, आणि पुण्यात तोच भलत्याच पिशवीतून इंद्रायणी म्हणून विकला जायचा. पिकवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. सत्यमला याचा मनापासून राग होता. गावाचा विकास म्हणजे नुसते रस्ते आणि कंपन्या नव्हेत, पिकवणाऱ्याचं नाव पिशवीवर आलं तर तोही विकासच, असं तो हिंजवडीतल्या मित्रांना ऐकवायचा. ते हसायचे. मग एके दिवशी याने राजीनामाच दिला.

वेबसाइट त्याने एकट्याने उभी केली. गावातली एकेचाळीस घरं त्यात आली. प्रत्येक पिशवीवर त्या घराचं नाव, खाचराचा फोटो. गिऱ्हाईक फोनवर बोट ठेवून घर निवडायचं आणि त्याच घरचा तांदूळ त्याच्या दारात यायचा. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मागणी होती ती बजरंग आबांच्या तांदळाला. आबा सत्यमचे भावकीतले चुलते, सदुसष्ट वर्षांचे, आंद्रा नदीच्या कडेला त्यांची खाचरं. बोलणं मोजकं. पण पिशवीवर आपलं नाव छापलेलं पाहिलं तेव्हा त्यांनी ती रिकामी पिशवी घडी घालून कपाटात ठेवली होती, हे शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, साऱ्या आळीला सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी सत्यमच्या डोक्यात स्टार शिरले. तांदूळ आवडला की गिऱ्हाइकाने स्टार द्यायचे, एक ते पाच. ज्याला जास्त स्टार त्याचं नाव वर, कमी स्टार त्याचं खाली. चाळीस ओळींचा प्रोग्राम. एका दुपारीत लिहून झाला आणि चहा पिता पिता त्याने स्वतःचीच पाठ थोपटली. स्टार कशाचे, हे विचारायला हवं होतं. पण कॉम्प्युटर काही विचारत नाही. बैलाला तरी चुकीच्या वावरात घातलं तर तो मान हलवतो, कॉम्प्युटर सांगाल ते सरळ नांगरून मोकळा होतो.

डिसेंबरात एका सकाळी मारुतीच्या पारावर पवनने फोन काढून ती यादी मोठ्याने वाचली. पवन कंपनीत कामाला, तोंडाने फाटका, मनाने वाईट नव्हे. वरती हनुमंतचं नाव, साडेचार स्टार. वाचत वाचत तो खाली आला आणि एकेचाळिसावं नाव आलं तेव्हा त्याला वाटलं आपण थांबायला हवं होतं, पण तोवर वाचून झालं होतं. बजरंग आबा, दोन स्टार. आबा पारावरच बसले होते. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते घरी गेले.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. मावळात अन्नाला नावं ठेवत नाहीत. पंगतीत खडा लागला तरी तो ताटाच्या कडेला ठेवायचा आणि पुढचा घास घ्यायचा. कुणाचं धान्य डावं निघालं तर ते घरात बोलतात, पारावर नाही. सत्यम याच घरांत जेवून मोठा झालेला. त्याला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण प्रोग्राम लिहिताना त्याला गाव आठवलं नाही, गिऱ्हाइकं आठवली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

चार दिवसांनी आबा स्वतः त्याच्या दारात आले. "गुरवारी तुंगार्लीला जायचंय. गाडी हाय ना रिकामी?" एवढंच विचारलं. सत्यमला वाटलं, आबांचा राग गेला. तो आनंदाने हो म्हणाला. तुंगार्लीला कशाला, ते त्याला बुधवारी सकाळी शालूबाईंकडून कळलं. तलावाजवळ बंगले बांधणाऱ्या एका पार्टीचा तीन वर्षांपासून आबांच्या खाचरांवर डोळा होता. आबा दर वेळी चहा पाजून परत लावायचे. आता त्यांनीच फोन करून कळवलं होतं की सह्या करायला येतो. पैशाची काही नड नव्हती. पोरगा चाकणला चांगला नोकरीला होता, तो म्हणाला, आबा, तुमचं तुम्ही ठरवा. "त्ये म्हनत्यात, लोकं ज्याला थुकत्यात त्ये पिकवायचं कशाला," शालूबाई सांगत होत्या, आणि त्यांचे डोळे चुलीच्या धुराने लाल झालेले नव्हते, कारण घरात गॅस होता.

त्या दिवशी सत्यमने हातातलं सगळं बाजूला ठेवलं. आबांच्या तांदळाला कमी स्टार देणाऱ्यांची यादी काढली, एकोणीस माणसं निघाली, आणि तो एकेकाला फोन लावत बसला. प्रोग्राममध्ये चूक सापडत नाही तेव्हा वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं, ही एक गोष्ट हिंजवडीने त्याला खरोखर शिकवली होती. पहिल्या पाचांनी फोन उचलले नाहीत किंवा उडवून लावलं. सहाव्या कोथरूडच्या राजेश्वरीबाई. त्या आधी ओशाळल्या, मग मोकळ्या बोलल्या. वास छान होता हो, पण भात पार गिच्च झाला. नेहमी करते तसाच केला, वाटीभर तांदळाला अडीच वाट्या पाणी, चार शिट्ट्या. पुढचे सगळे तेच म्हणाले. कुणी लापशी म्हणालं, कुणी खळ.

सत्यम खुर्चीत मागे टेकला. आबा दर वर्षी सगळ्यांच्या आधी कापणी करतात आणि ताजा, कोरा तांदूळ धाडतात. नवी इंद्रायणी! तिला अडीच वाट्या पाणी घातलं तर दुसरं काय होणार? आणि हनुमंतने गेल्या सालचा उरलेला तांदूळ पाठवला होता, तो मुरलेला, कितीही पाणी घाला, मोकळा होतो. म्हणजे ज्याचा तांदूळ सगळ्यात नवा, त्याला सगळ्यात कमी स्टार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा प्रोग्राम याच्याच हातचा. गिऱ्हाइकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांना सांगितलं कुणी होतं? पिशवीवर खाचराचा फोटो होता, पाण्याचं माप नव्हतं. गावात ते कुणी कुणाला सांगत नाही, पोरीबाळींच्या हाताला ते आपसूक कळतं, म्हणून सत्यमच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्याने संध्याकाळच्या आत स्टार काढून टाकले. चाळीस ओळी पुसल्या, त्या जागी यादी रोज फिरती केली, सगळ्यांची नावं पाळीपाळीने वर. प्रत्येक तांदळापुढे लिहिलं, नवा की जुना, आणि पाणी किती. कामं झाली. पण आबांपुढे जायचं राहिलं होतं, आणि ते काम कीबोर्डवर होण्यातलं नव्हतं.

गुरुवारी आबा धोतर-टोपीत पुढच्या सीटवर बसले. मागे शालूबाई, मांडीवर कागदांची पिशवी. कान्हे फाटा गेला, कामशेत गेलं, तरी सत्यमने विषय काढला नाही. कार्ल्याचा फाटा मागे पडला तेव्हा त्याला वाटलं, आता बोललो नाही तर थेट बंगल्याच्या दारातच गाडी उभी राहील.

"आबा, चूक तुमच्या तांदळाची नव्हती. माझी होती," तो म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. राजेश्वरीबाई, अडीच वाट्या, हनुमंतचा जुना तांदूळ, चाळीस ओळी, सगळं सांगून टाकलं. पारावर मी स्वतः सांगेन, असंही म्हणाला. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

बोलल्या त्या शालूबाई. "अडीच वाट्या? नव्याला?" त्यांना आबांच्या दुःखापेक्षा त्या भाताचीच जास्त दया आल्यासारखी दिसत होती. "अन् आता तू किती लिवलंस?"

सत्यम म्हणाला, दोन.

"दोन जुन्याला. नव्याला दीड. अन् धुवून घटकाभर निथळत ठेवायचा, मग टाकायचा. त्ये लिवलंस का?"

ते काही त्याने लिहिलं नव्हतं. तोंडावर आलेलं "माहीत आहे मला" त्याने गिळलं आणि खरं ते सांगून टाकलं, माहीत नव्हतं, काकी. शालूबाईंनी मग त्याला शिट्ट्या किती, गॅस कधी बारीक करायचा, भात उतरल्यावर झाकण लगेच का काढायचं नाही, सगळं सुनेला सांगावं तसं सांगितलं. त्यात मळवली मागे पडली. वलवण जवळ येत होतं. तिथून उजवीकडे वळलं की तुंगार्ली.

"गाडी घे कडंला," आबा म्हणाले.

सत्यमने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, या या, वाटच बघतोय म्हणत होता. आबांनी त्याला बोलू दिलं. मागे शालूबाईंनी कागदांची पिशवी घट्ट धरली होती.

"न्हाई सायेब, आमी येत न्हाई. न्हाई न्हाई, पैशाचं काय न्हाई. वावर रिकामं न्हाई आमचं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "काय हाय म्हंजी? इंद्रायनी पिकती त्यात. पान्याचं माप चुकलं तर चिकाट व्हती, पर त्यो तिचा दोष न्हवं."

फोन खिशात गेला. शालूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने काचही पुसली, जणू काचेसाठीच पदर घेतला होता. सत्यमने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ त्या हातांवर टेकवलं. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, आणि त्याला हसायला येत होतं की रडायला, हेच कळेना. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, चल बाबा, खाचरात ओल हाय तवर हरभरा टाकायचाय.