धुळ्याच्या ओळीतली सही

पाऊस पडून गेला की कॉलेजात सगळ्यांना चुडामणची आठवण यायची. एरवी त्याला विचारतो कोण! जिमखान्याचा शिपाई, पिंप्राळ्याहून जुन्या स्कूटरवर येणारा, साठीला टेकलेला माणूस. पण ऑगस्टात बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर पाणी साचलं की गोणपाटं घेऊन उकिडवं बसायला दुसरं कुणी तयार नसे. गोणपाट पसरायचं, भिजून जड झालं की बादलीत पिळायचं, पुन्हा पसरायचं. अडतीस वर्षं त्यानं हे केलं. येत्या तीस सप्टेंबरला तो निवृत्त होणार होता आणि यंदाच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला त्याला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. हे कळल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

ती स्पर्धा आमंत्रितांची. प्रेमराज सरांनी शहाऐंशी साली सुरू केली तेव्हा जळगावातलं हे मैदान मुरमाचं होतं, रेषा चुन्याच्या होत्या आणि रिंगचे खांब भुसावळहून ट्रकवर टाकून आणले होते. मोसमातली पहिली स्पर्धा आपलीच, हा सरांचा हट्ट. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ती व्हायची, म्हणजे पाऊस हमखास, आणि पावसाला शिव्याही हमखास. पण विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक इथंच खुर्च्या टाकून बसत आणि नावं टिपून घेत. इथं जो खेळला तो नजरेत भरला, नाही खेळला तो वर्षभर नजरेआड. त्यामुळे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली ताडमाड पोरं असोत की बोदवडची काटक पोरं, आमंत्रणाची वाट सगळेच बघत.

आमंत्रण पोस्टानं धाडायचं नाही, हा सरांचा दुसरा हट्ट. लग्नाला पोस्टकार्डावर बोलावलं तर कोण येतं, असं ते विचारायचे. प्रत्येक कॉलेजात आपला माणूस गेला पाहिजे. त्यानं पाकीट हातात द्यायचं, त्यावर कुंकवाच्या अक्षता ठेवायच्या आणि पोचवहीत तिथल्या क्रीडाशिक्षकाची सही घ्यायची. ज्याच्याकडे माणूस आला नाही, त्यानं आपल्याला बोलावलं नाही असं समजायचं. आठ कॉलेजांना हा नेम पाठ होता.

तो माणूस म्हणजे चुडामण. कॉलेजात ‘ए चुडामण, चहा सांग’ अशा हाकेला ओ देणारा हा गडी त्या आठवड्यात मात्र पाहुणा व्हायचा. लोक खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. धुळ्याला तर थाटच वेगळा. तिथले जीवराम सर त्याला घरी जेवायला न्यायचे. श्रावणात रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी मिरवत विसर्जनाला निघते, तो सोमवार धुळ्याचा, हे इतकं ठरलेलं, की सरांची बायको सुमनबाई त्या दिवशी चुलीवर मातीचं खापर मांडून त्याच्यासाठी पुरणाचे मांडे करायची. शिपायासाठी मांडे! चुडामण घरी येऊन ते चार चार दिवस सांगत बसायचा.

दोन हजार तीन साली तो असाच सोमवारी निघाला. बस पारोळ्याला थांबली तर स्टँडसमोरून कानबाईची मिरवणूक चाललेली. बायांच्या डोक्यावर कानबाई, पुढं वाजंत्री, आणि त्यात नाचणारा त्याचा चुलतभाऊ पुना. पुनानं बसच्या खिडकीतूनच त्याचा हात धरला. “शहरमा जाईसन मोठा साहेब व्हई गया का रे? भाऊबंदकीना रोट बी गोड लागत नही?” असं चारचौघांत म्हटल्यावर कोण बसमध्ये बसून राहील? चुडामण उतरला. पाणी पिऊन पुढची गाडी धरायची, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला जेवढं फसवतो तेवढं शत्रूही फसवत नाही.

पुनाच्या गल्लीतला एक जण धुळ्याला निघाला होता. चुडामणनं पाकीट त्याच्या हाती दिलं, कॉलेज समजावून सांगितलं आणि मोकळा होऊन मिरवणुकीत शिरला. नाचला, प्रसादाचा रोट खाल्ला, दुपारी ओसरीवर ताणून दिली. उठला तेव्हा चार वाजले होते. परतीच्या वाटेवर एरंडोलच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना खिशात हात गेला, तर अक्षतांची पुडी खिशातच. अक्षता त्यानं पिंपळाच्या बुडाशी टाकल्या. मग पोचवही उघडली. सात ओळींवर सात सह्या होत्या आणि धुळ्याची ओळ कोरी. प्रेमराज सर कोरी ओळ खपवून घेणारे नव्हते. पाकीट तर पोचलंच असेल, सही काय, नुसता सोपस्कार, असं म्हणत चुडामणनं मांडीवर वही ठेवून जीवराम सरांची सही केली. अगदी जपून केली.

धुळ्याचा संघ त्या वर्षी आला नाही. मुलींचा त्यांचा संघ तेव्हा सगळ्यांत तगडा होता. कप्तान चारुलता शेवटच्या वर्षाला होती, आणि तिची विद्यापीठात निवड होणार हे जो तो धरून चालला होता. पाकीट कुठं गडप झालं, देव जाणे. प्रेमराज सर संतापले. पुढच्या वर्षी त्यांनी यादीतून धुळ्याचं नावच काढलं. आणि तेव्हापासून दर उद्घाटनाला स्पर्धेचा इतिहास सांगताना माईकवरून एक वाक्य हमखास यायचं: धुळेकरांना गर्व झाला, रीतसर आमंत्रण घेऊनही त्यांनी पाठ फिरवली. चुडामण ते वाक्य गोणपाट पिळत ऐकायचा. बादलीवर इतका वाकायचा, की त्याचं तोंड कुणाला दिसू नये.

प्रेमराज सर वारले. नवे क्रीडा संचालक भूषण सर आले आणि माणूस धाडायची रीत बंद पडली. आमंत्रण मोबाईलवरून जाऊ लागलं. चुडामणला हायसं वाटलं. पण यंदा स्पर्धेचं चाळिसावं वर्ष. जुनं वैर मिटवावं म्हणून भूषण सरांनी धुळ्यालाही मेसेज टाकला. तिथं आता क्रीडा संचालक होती तीच चारुलता. तिचं उत्तर आलं एका ओळीचं: ‘तुमच्याकडची रीत आम्हांला ठाऊक आहे, माणूस पाठवा.’

“काका, तुम्हीच जा,” भूषण सर हसत म्हणाले. “तुमचंच काम होतं ना ते?”

घरी चुडामणनं ताट सारलं. धुरपदाबाईला, त्याच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. अख्ख्या दुनियेत तिलाच काय ते ठाऊक होतं, असं तो समजत होता. ती म्हणाली, “सांगी टाका. बावीस वरीस पोटमा ठेयं, आते आखो कितला दिन ठेवशात?”

“पेन्शनना कागद निंघेल नहीत अजून,” तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला स्वतःची किळस आली.

या वेळी बस पारोळ्याला थांबली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. धुळ्याला कॉलेजच्या मैदानावर चारुलता मुलींचा सराव घेत होती. चाळिशी ओलांडलेली, गळ्यात शिट्टी, केसांत पांढरी बट. तिनं त्याला लांबूनच ओळखलं आणि खुर्ची मागवली. तो बसला नाही. पाकीट दिलं, त्यावर अक्षता ठेवल्या. निम्म्या खाली सांडल्या.

“ताई, त्या वरीसले मी धुयाले उनूच नही,” तो म्हणाला. “पोचवहीमधली सही सरांनी नही, मनी शे.”

“माहीत आहे,” चारुलता म्हणाली.

आता मात्र चुडामण खुर्चीत बसला.

“स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही बॅगा भरून बसलो होतो. माणूस आला नाही, तर बोलावलं नाही, हे ठाऊक होतं. तरी माझ्यासाठी सरांनी मान खाली घालून तुमच्या सरांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते. तिकडून प्रेमराज सर ओरडत होते, ते मला इथं ऐकू येत होतं. चुडामण येऊन गेला, तुमची सही माझ्यासमोर आहे म्हणून. आमच्या सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, हो, सही माझीच आहे, माझ्या लक्षातून गेलं, आता ऐनवेळी संघ आणता येत नाही.”

“काब्र? का केलं सरांनी असं?” चुडामणनं विचारलं.

“मीही तेच विचारलं, रडत. सर म्हणाले, ‘त्याले घर शे, लेकरं शेतस. नोकरी जाई त्यानी. आपलं काय, पुढला वरीसले खेळी लेसूत.’” ती पुढं म्हणाली, “पुढल्या वर्षी तुम्ही बोलावलं नाही. आणि माझं तर तेच शेवटचं वर्ष होतं.”

मैदानावर मुली चेंडू आपटत होत्या. चुडामणला वाटलं, हिनं चार शिव्या द्याव्यात. तिनं दिल्या नाहीत.

“सुमनबाईंनी त्या सोमवारी खापर मांडलं होतं. दिवस मावळेपर्यंत चूल विझू दिली नाही,” ती म्हणाली. “सर जाऊन चार वर्षं झाली. मी कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. तो मी पाळला. तुम्ही कुणाला शब्द दिलेला नाही.”

तिनं पोचवहीत सही केली आणि शिट्टी वाजवून मुलींकडे वळली.

परतीच्या बसमध्ये चुडामणला रडूही आलं नाही. बावीस वर्षं त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांना फसवलं. खरं तर ज्या माणसाला फसवलं, त्यानंच आपल्याला पदराखाली घेतलं होतं, आणि त्या माणसाला माईकवरून गर्विष्ठ म्हटलं जात असताना आपण गोणपाट पिळत होतो. शरमेनं माणसाचं अंग आखडतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेलेला. मांडवात जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि टेबलावर पोचवह्याही मांडल्या होत्या. धुळ्याचा संघ पहिल्या रांगेत बसला होता, कडेला चारुलता. भूषण सर इतिहास वाचू लागले. धुळ्यापाशी आले तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी शब्द मवाळ केला होता, ‘काही गैरसमजामुळे’ वगैरे. चुडामणला तसंच बसून राहता आलं असतं. वैर मिटलंच होतं, शाल समोर होती, पेन्शनचे कागद सही होऊन पुढं जायचे होते.

तो उठला. माईक भूषण सरांच्या हातातून त्यानं घेतला नाही, जवळपास ओढला.

“गैरसमज नव्हता,” तो म्हणाला. “त्यांना आमंत्रण मिळालंच नव्हतं. मी धुळ्याला गेलोच नाही. पारोळ्याला कानबाईत नाचत होतो. जीवराम सरांची खोटी सही मी केली, ती वही तिथं टेबलावर आहे. सरांना हे कळलं होतं. माझी नोकरी राहावी म्हणून त्यांनी आळ स्वतःवर घेतला. चारुलताताईंचं वर्ष माझ्यामुळे गेलं. आणि हे मी आज सांगतोय, सर गेल्यावर.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. काय मोठं मन आहे, असं कुणी म्हणालं. प्राचार्यांचे डोळे पाणावले. भूषण सरांनी मिठी मारली आणि शाल त्याच्या खांद्यावर टाकलीच. चुडामण हात हलवून नको नको म्हणत होता, तो विनय समजून टाळ्या आणखी वाढल्या. केलेलं पाप सांगावं आणि त्याचाही सत्कार व्हावा, यापेक्षा भोसकलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

टाळ्यांच्या त्या गदारोळात त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. चारुलता टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ती त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही, मायेनंही नाही. इतक्या माणसांत त्याला तिच्याच डोळ्यांकडे बघवलं.

ती उठली, टेबलाशी गेली, दोन हजार तीनची वही उघडून धुळ्याच्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. चुडामण शाल काढून तिच्याजवळ गेला.

“सरांची सही इतकी सुबक कधीच नव्हती,” ती हळू म्हणाली. “तुमच्या सरांनी नीट पाहिली असती, तर कळलं असतं.” तिनं वही मिटली. “मैदान ओलं आहे, चुडामण भाऊ.”

पहिला सामना धुळ्याचाच होता. भूषण सर मागून म्हणत होते, काका, आज तरी बसा, दुसरं कुणी पुसेल. चुडामणनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शाल खुर्चीवर ठेवून त्यानं गोणपाटं उचलली आणि रिंगखाली जाऊन उकिडवा बसला. मुली बूट बांधून कडेला थांबल्या होत्या. त्यानं पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. या वेळी तो बादलीवर वाकला नाही. ज्याला त्याचं तोंड बघायचं होतं, त्यानं ते बघितलं.