बाघ नदीतली रोवणी

धानाची रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगेत उजव्या टोकाला जी उभी असते, तिच्या हातावर सगळ्या रांगेची चाल ठरते. राजेगावच्या अलीकडे, बाघ नदीच्या काठावरच्या त्या लहानशा वस्तीत ही जागा वर्षानुवर्षं सत्यभामेची होती. पोटरीभर चिखलात वाकायचं, डाव्या हातातल्या जुडीतून एकेक रोप काढून खोचायचं आणि एक पाऊल मागे सरायचं. रोवणी अशी मागे सरत सरतच होते. डोळ्यांपुढे असतं ते झालेलं काम. पाठीमागे खड्डा आहे की बांध, ते पायांनीच ओळखायचं. नव्या सुना घाबरून वळून पाहायच्या, तेव्हा सत्यभामा ओरडायची, "मांगं काय पाह्यतेस वं? मांगं तुहा बाप उभा हाये का? पुढं पाह्य, पाय आपोआप जाते!"

हंगामाची पहिली मूठही तीच रोवायची. तो मान सवाष्णीचा.

तिचा नवरा महागू तिच्या अगदी उलट. ती चार शब्दांत भागवायची, तो चारशे शब्दांतही विषयाला यायचा नाही. पोहण्यात मात्र गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाघ नदीच्या पुरातून त्याने दोन वेळा शेळी काढली होती. वर्षं दोन, पण शेळी तीच.

अशा माणसाचं पाऊल घरात टिकत नाही. मॅंगनीजच्या वॅगनी भरणाऱ्या एका ठेकेदाराकडे महागू स्वयंपाकाला लागला. माल रेल्वेने विशाखापट्टणमच्या बंदरात जायचा. एकदा ठेकेदाराच्या माणसांबरोबर तोही तिकडे गेला आणि त्याच्या हातचा वरण-भात खाऊन एका मालवाहू जहाजाच्या मुकादमाने त्याला खलाशांचा स्वयंपाकी म्हणून ठेवून घेतलं. वर्षातून एकदा तो घरी यायचा. समुद्राच्या इतक्या गोष्टी सांगायचा की सत्यभामा म्हणायची, "समुद्र तुमच्या तोंडाहून मोठा हाये का लहान, तेवढंच सांगा."

चौसष्ट सालच्या कार्तिकात तार आली. जहाज तुफानात बुडालं होतं. एकोणीस माणसं बेपत्ता, त्यांत महागू.

देह मिळाला नाही तर पळसाचा पुतळा करून जाळतात. तीनशे साठ देठं, डोक्याच्या जागी नारळ. सत्यभामेने सात महिने ते होऊ दिलं नाही. "पोहणारा माणूस हाये थो," एवढंच ती म्हणायची. मग कंपनीचंही पत्र आलं, की आता आशा धरू नये. त्या दिवशी सासरे दादाजी तिच्यापुढे येऊन बसले. सुनेपुढे ते कधी बसत नसत.

"पोरी," ते म्हणाले, "पोरगा माहा पाण्यात पडून हाये अन् तहानलेला हाये. त्याच्या नावानं पाणी सोडू दे मले."

पुतळा जळला. राख नदीवर उंबराखालच्या घाटात सोडली. सत्यभामेच्या बांगड्या गेल्या. त्या वर्षीची पहिली मूठ शेजारच्या शेवंताबाईने रोवली. सत्यभामा रांगेत उजव्या टोकालाच उभी राहिली, पण त्या सबंध हंगामात ती कोणा सुनेवर ओरडली नाही.

आणि सहासष्टच्या माघात, ती लाखोळी डाळीचं पीक कापत असताना, बांधावरून लंगडत एक माणूस आला. दाढी वाढलेली, सदरा दुसऱ्याच कोणाचातरी. सत्यभामा विळा हातात धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "जेवले का?"

"नाई," महागू म्हणाला.

ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्याला काढलं होतं. पाय मोडलेला, कागद एकही नाही, भाषा कोणाची कोणाला कळेना. आधी दवाखाना, मग चौकी, मग वकिलातीच्या पायऱ्या. दोन पत्रं त्याने लिहवून घेतली होती, पण पोहोचलं एकही नाही.

घराशी आला तर दारात दादाजी दोन्ही हात पसरून आडवे. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात हलेनात. "ओटा चढू नको, महागू! म्या जाळलं तुले!"

किरनापूरहून पूजापाठ करणाऱ्या महाराजांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, ज्याचे दिवस झाले तो तसाच घरात शिरू शकत नाही. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. राख सोडली त्याच घाटात तीन बुड्या, मग सुपात पाय ठेवून बारसं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

शेवंताबाईला तर सणच सापडला. "झबल्याले कापड किती वार आणू, दादाजी? अन् बाळाले दाढी हाये, त्याचं काय?"

महागू मारुतीच्या पारावर राहू लागला. लोक जमायचे आणि तो तुफानाची गोष्ट रंगवून सांगायचा. भाताचं भगुणं कसं घसरत सुटलं, "भात माह्या मांगं, मी भाताच्या पुढं, अन् कप्तान दोघाइच्या पुढं!" लोक पोट धरून हसायचे.

पण पहिल्या मुहूर्ताला तो घाटावर गेला आणि थंडी वाजते म्हणून परतला. दुसऱ्या वेळी पाय दुखत होता. नदीत पाणी ते किती, काठाशी गुडघाभर, मधल्या डोहात कमरेइतकं. लोकांनी चेष्टा केली. सत्यभामा मात्र हसली नाही. पारावर डबा न्यायची तेव्हा तिने पाहिलं होतं, की हा हात धुताना लोटा अंगापासून लांब धरतो आणि पायावर थेंब उडाला तरी दचकतो.

आता मंगळवारचा एकच मुहूर्त उरला होता. त्यानंतर होळीआधीचे आठ दिवस, त्यांत काही करता येत नव्हतं. सोमवारी सकाळी दादाजी हळूच म्हणाले, "पोरी, थो गोंदियाच्या मोटारीची वेळ विचारू राह्यला होता."

सत्यभामा डबा घेऊन पारावर गेली. त्याचं जेवण होऊ दिलं. मग म्हणाली, "आता खरं सांगा. भगुण्याचं नका सांगू."

महागूने उष्टी बोटं सदऱ्याला पुसली. "माल ओला होता. आपल्या इकडचीच मॅंगनीजची माती, जड. तुफानात सारी एका अंगाले सरकली. जहाज म्हशीसारखं कुशीवर बसलं, अन् उठलंच नाई. पाण्यात एक फळी होती. मी होतो अन् सुकाणीवाला चाचा होता. त्याचा हात माह्या हातात. उजाडलं तवा पाह्यलं, त हात रिकामा. कवा सोडला, मले माईत नाई, सत्या. झोप लागली का मीच सोडला, काही माईत नाई. आता पाण्यात पाय टाकला का थो हात बोटाइले लागते. मले जाऊ दे. बंदरावर भात शिजवीन, पैसे धाडत जाईन."

सत्यभामेने डबा घासायला उचलला. "उद्या घाटावर या," ती म्हणाली. "मंग मोटारीचं पाहू."

मंगळवारी सगळं गाव काठावर. महागू आला, पण पाण्याच्या कडेशी येऊन त्याचे पाय रुतल्यासारखे थांबले. महाराज मंत्र म्हणून थकले. सूर्य वर येऊ लागला. तेव्हा गर्दीतून सत्यभामा पुढे आली. रोवणीला खोचते तसं लुगडं तिने वर खोचलं होतं.

"बाई, तुमचं इथं काम नाही," महाराज म्हणाले. "हा त्याचा जन्म आहे."

"महाराज, पोरगं जन्मते तवा बाई लागतेच न?"

महाराजांना याचं उत्तर पोथीत सापडण्यासारखं नव्हतं. सत्यभामेने महागूचे दोन्ही हात धरले आणि त्याची पाठ नदीकडे केली.

"मांगं पाहू नका. मांगं तुमचा बाप उभा नाई, बाप पुढं हाये. दिसते का?"

"हौ."

"मंग एक पाय मांगं. आणखी काय दिसते?"

"उंबर."

"टाका पाय. आणखी?"

"शेवंताबाई. हसू राह्यली."

"हसू द्या. टाका पाय."

"आपल्या घराचे कवेलू. दोन फुटले हायेत."

"तुमीच चढान अन् बदलान. टाका."

असं एकेक पाऊल मागे सरत महागू नदीत उतरला. पाणी आधी पोटरीला लागलं. मांडीला लागलं तेव्हा त्याने तिचे हात इतके आवळले की मनगटात बांगड्या असत्या तर पिचल्या असत्या. "सोडशीन त नाई?" त्याने विचारलं. कोणाला ऐकू गेलं नाही, तिला मात्र गेलं.

"दिवसभर चिखलात उभी राहणारी बाई हावो मी," ती म्हणाली. "बुडी मारा."

हात सुटेना, म्हणून तिलाही बुडी मारावी लागली. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी दोन डोकी आत गेली आणि दोन वर आली. तेवढ्यात शेवंताबाई ओरडली, "जुळे झाले वं माय!"

दादाजी हसता हसता वाळूत बसले आणि तिथेच रडू लागले.

दुपारी बारसं झालं. नाव तेच ठेवलं, कारण दादाजींना दुसरं पाठ होणार नव्हतं. संध्याकाळी लग्न. बांगड्या शेवंताबाईने आणल्या, हिरव्या, आणि तिनेच भरल्या. पुढच्या रोवणीला पहिली मूठ तिने स्वतःहून सत्यभामेच्या हातात दिली. नव्या सुनांवर पुन्हा ओरडा सुरू झाला.

गोंदियाची मोटार महागूने नंतरही पुष्कळदा पकडली, पण संध्याकाळच्या फेरीने परतण्यासाठी. समुद्राच्या गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. चाचाचं नावही आता त्यांत येत असे, आणि तिथे तो जरा थांबत असे. नदीवर रोज अंघोळीला जायचा. बैलांना सरळ पाण्यात घालायचा आणि स्वतः काठाकडे तोंड करून, पाठीमागे एकेक पाऊल टाकत उतरायचा. परगावचा कोणी ते पाहून हसलाच, तर काठावर धुणं धुणारी सत्यभामा मान वर न करता म्हणायची, "हसू नका, भाऊ. आमच्याकडं असंच रोवतेत."