हिमबंदरचे साडूभाऊ

विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर राहून बारा महिने कुडकुडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. सिंगापुरात थंडी मिळते ती मॉलमध्ये, एमआरटीच्या गाड्यांत आणि आमच्या बँकेच्या मीटिंग रूममध्ये. उघड्यावर ती कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. पण बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये, मागच्या छोट्या खोलीत एसी सोळावर लावून, कानटोपी, मफलर, लोकरीचे मोजे अशा जय्यत तयारीनिशी हा गृहस्थ दर शनिवार-रविवार कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि उत्तर ध्रुवाच्या शेजारी एक बंदर बांधायचा. बंदराच्या काठाकाठाने गोल्फ कोर्स. हे बंदर जगाच्या कुठल्याही नकाशात नाही, कारण ते साडूंच्या डोक्यातून निघालेलं. कॉम्प्युटरवरच्या एका गोल्फच्या खेळात आपल्याला हवं तसं मैदान रचायची सोय होती. बाकीचे लोक दोन टेकड्या आणि एक तळं टाकून मोकळे व्हायचे. साडूंनी अठरा होल्सच्या निमित्ताने अख्खं गाव वसवलं: बर्फाचे डोंगर, त्यांच्यामधून आत घुसलेला समुद्र, लाल लाकडी घरं, दीपगृह, मासळी वाळत घालायचे मांडव आणि धक्क्याला लागलेल्या होड्या. ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं यायला लागली नव्हती तेव्हाची. त्यामुळे माणसांना असल्या कामांना वेळ मिळायचा.

आता, या माणसाने बर्फ पाहिला होता म्हणाल तर फक्त उसाच्या रसात. आणि गोल्फशी त्यांचा संबंध एकदाच आला. आंग मो किओच्या ज्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ते चिपा तपासायचे, तिथल्या साहेबांनी सगळ्या खात्याला एका संध्याकाळी गोल्फच्या सरावाला नेलं. साडूंनी जीव खाऊन काठी फिरवली. चेंडू होता तिथेच राहिला, काठी मात्र झकास उडाली आणि शेजारच्या जपानी पाहुण्याच्या पिशवीत जाऊन पडली. साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही. "खेळता कुणालाही येतं हो," साडू मला नंतर म्हणाले, "मैदान रचायला डोकं लागतं." आम्ही दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एकमेकांना साडूभाऊ म्हणतो आणि एकमेकांचं काहीही ऐकून घेतो. मी तेही ऐकून घेतलं.

मैदानाचं नाव त्यांनी ठेवलं हिमबंदर गोल्फ क्लब. मराठी नाव, भारदस्त. पण खालच्या मजल्यावरचे लखनौचे शेजारी एकदा चहाला आले आणि स्क्रीनकडे बघून अदबीने म्हणाले, "भाईसाहब, इसमें बर्फ का बंदर कहाँ है?" साडू दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे ताईंच्या हातचं जेवले नाहीत, खालच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन सूप पीत बसले. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. या संसारात एकट्या त्या सिंगापुरात राहायच्या. बाकी सगळं उत्तरेला आर्क्टिककडे सरकलेलं. रविवारी आम्ही जेवायला गेलो की साडू पानावर बसता बसता खिन्न आवाजात सांगायचे, "तिकडे आज सूर्य उगवलाच नाही." ताई म्हणायच्या, "इकडे उगवलाय. तेवढे बांबूवर कपडे वाळत घाला." त्यांची मुलगी फोनमधून मान वर न काढता, "पपा, नोबडी लिव्ह्ज देअर लाह," म्हणून पुन्हा फोनमध्ये जायची. बर्फ नेमका कसा धरतो हे कळावं म्हणून साडू सुपरमार्केटमधल्या फ्रीजरचं दार उघडून आत डोकं घालून उभे राहायचे. एकदा इतके रमले की आइसक्रीमवाल्या भागातली बाई शेवटी ओरडली, "अंकल, यू बायिंग ऑर नॉट?" मग भिडेखातर त्यांनी गोठलेल्या कोळंबीचं एक पुडकं घेतलं आणि घरी येऊन कॉम्प्युटरशेजारी ठेवून ते वितळताना बघत बसले. त्या खोलीला पुढे महिनाभर बंदराचा अस्सल वास होता, हे मात्र मान्य करायला हवं.

अशा जावयाला सासरा कसा मिळाला असेल? आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघेही बाबा म्हणायचो, मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होते. उभा जन्म समुद्रावर गेलेला. जमीन ही देवाने जहाज बांधायला खुंटी म्हणून केलेली सोय आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्त होऊन कोथरूडला राहिले तरी गॅलरीत उभं राहून ते समोरच्या सोसायटीकडे असे बघायचे की जणू ती मधेच नांगर टाकून बसली आहे. त्यांची थोरली मुलगी एका अशा माणसाने करून नेली, ज्याला सेंटोसाच्या केबल कारमध्येसुद्धा बोट लागते. हे दुःख बाबांनी कधी लपवलं नाही. साडूंशी ते थेट बोलतच नसत. दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले असले तरी, "तुझ्या नवऱ्याला सांग, आमटी इकडे सरकव," असा निरोप मुलीमार्फत जायचा. मला ते निदान नावाने हाक मारायचे. बँकेत असलो तरी मला बोट लागत नाही.

त्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी मुलींकडे सिंगापूरला आले होते. एका सकाळी ताईंकडे चहा घेताना त्यांच्या हातातून कप सुटला. ताई म्हणाल्या, "बाबा, काय झालं?" बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आला नाही. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. जीव वाचला. पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय. बोलणं परत येऊ शकतं, मात्र त्यांनी बोलायची इच्छा धरायला हवी, आणि पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे. बाबांनी मात्र भिंतीकडे तोंड केलं. घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक चिनी तरुणी यायची, फार गोड आणि चिकाटीची. ती चित्रांची पत्तेवजा कार्डं दाखवायची: सफरचंद, कप, मांजर. ज्या माणसाने भर वादळात बंद पडलेली इंजिनं शिव्या देऊन चालू केली, त्याला कुणीतरी मांजर दाखवत होतं. बाबा डोळे मिटून घ्यायचे. ताई स्वयंपाकघरात नळ सोडून रडायच्या, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. पण आमच्या सगळ्यांना तो नळ ओळखीचा झाला होता.

बाबांची खाट हिमबंदरच्या खोलीत लावली होती, कारण घरात दुसरी खोली नव्हती. साडूंनी कानटोपी कपाटात टाकली, एसी माणसात आणला आणि कॉम्प्युटरवर चादर घातली. असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी दुपारी बाबांजवळ बसायची पाळी माझी होती, आणि साडू दारात घुटमळत होते. व्यसनी माणसाचा चेहरा लपत नाही. मी म्हटलं, "बसा हो. बाबा कुठे बघतायत?" त्यांनी हळूच चादर काढली, आवाज बंद केला आणि चोरासारखे धक्क्याला होड्या बांधायला बसले. अर्धा-पाऊण तास झाला असेल. मी पेपर वाचत होतो. एकाएकी खाटेवरून घसा खरवडल्यासारखा आवाज आला. मी दचकून पाहिलं. बाबांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. ते स्क्रीनकडे बघत होते, कपाळाची शीर ताठ झाली होती, ओठ काहीतरी जुळवत होते. आणि मग खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा शब्द आला.

"गाढवा!"

ताई हातात झारा घेऊनच धावत आल्या. "कोण बोललं?"

साडू उभे राहिले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता की लग्नातल्या फोटोतही तसा नाही. "बाबा बोलले," ते म्हणाले. "आणि मला बोलले गं! थेट मला!"

बाबांचा डावा हात स्क्रीनकडे उठला होता. "दोर," ते म्हणाले. मग पुष्कळ झगडून, "आखूड." आणि मग घाम पुसायला लावून, "ओहोटी." साडूंनी होडी तोकड्या दोराने करकचून बांधली होती, ओहोटीला पाणी खाली गेलं की ती धक्क्याला वाळत घातलेल्या चड्डीसारखी लोंबकळली असती. ते न बघवून आमच्या सासऱ्यांनी परत बोलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती चिनी तरुणी आली तेव्हा घरात सण होता. तिने आनंदाने विचारलं की पहिला शब्द काय, आणि त्याचा अर्थ काय. ताईंनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, "म्हणजे, प्रिय जावई." तेव्हापासून ती बाई दारातून आत येताना साडूंना लवून "गुड मॉर्निंग, गाढवा!" म्हणायची, आणि साडूही लवून "गुड मॉर्निंग" म्हणायचे. तिने शहाणपणाने मांजराचं कार्ड बंद केलं आणि बाबांची खुर्ची हिमबंदरसमोर लावली. मग रोज शाळा भरू लागली. साडू ऑफिसातून आले की हातपाय धुऊन बसायचे आणि बाबा शिव्या द्यायचे. भाषा नेमकी या क्रमाने परत आली: आधी गाढव, मग मूर्ख, मग डावीकडे-उजवीकडे, मग क्रियापदं. दीपगृह चुकीच्या खडकावर, क्रेन धक्क्यापासून लांब, चिमणीचा धूर एकीकडे आणि लाटा दुसरीकडे. बाबा तरुणपणी अशा बंदरांत महिनोन् महिने अडकून राहिले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलींनाही तेव्हाच कळलं. घरी आलेल्या बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

असं सगळं छान चाललेलं असताना माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. कितीही दुरुस्त करा, हिमबंदर दिवसेंदिवस बिघडतच चाललं होतं. आदल्या दिवशी बरोबर केलेला नांगर दुसऱ्या दिवशी होडीच्या भलत्याच टोकाला दिसायचा. एकदा तर मालाचं जहाज सरळ बाराव्या होलच्या हिरवळीवर चढलेलं. त्या खेळाची जगभरातल्या हौशी लोकांची एक स्पर्धा होती, आणि साडू वर्षभर तिच्यासाठी झटत होते. आधी इंटरनेटवर त्यांचं मैदान बघून वाहवा करणारे लोक आता खाली लिहायला लागले होते की हा माणूस बहुतेक पितो. मी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. म्हटलं, "साडूभाऊ, तुम्हाला जमत नाहीये की तुम्ही मुद्दाम करताय?"

त्यांनी आधी लिफ्टचं बटण दाबलं, मग ते आधीच दाबलेलं आहे हे पाहून पुन्हा दाबलं. "काल त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं," ते म्हणाले. "'तुझ्यासारखा खलाशी असता तर मी जहाज विकून भाजी विकली असती.' पूर्ण वाक्य, साडूभाऊ. कर्ता, कर्म, क्रियापद. सगळं बरोबर केलं तर ते बोलतील कशाला?"

"आणि स्पर्धा?"

"तिची मुदत गेली मागच्या आठवड्यात," ते म्हणाले, आणि लिफ्ट आली.

आयुष्यभर ज्याची टर उडवली, त्या माणसाकडे एकदम वेगळ्या नजरेने बघणं फार अवघड जातं. मी लिफ्टमध्ये वर जाईपर्यंत मजल्यांचे आकडे बघत राहिलो.

बाबा चालायला लागले, जीभ थोडी जड राहिली, पण बोलणं आलं. कोथरूडला परत जायचं म्हणाले. चांगी विमानतळावर आम्ही सगळे निरोप द्यायला गेलो. व्हीलचेअरवर बसलेल्या बाबांनी मुलींच्या पाठीवरून हात फिरवला, मला "ये पुण्याला" म्हणाले. मग साडूंकडे वळले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. आम्हाला वाटलं, शब्द सापडत नाहीये. ते शेवटी म्हणाले, "मला कळत होतं." साडू "काय?" म्हणेपर्यंत व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यांना आत घेऊन गेला.

दीड-दोन वर्षांनी बाबा झोपेतच गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात साडूंनी ताईंना घेऊन खरोखरीच उत्तरेकडची सहल काढली. त्यांच्या हिमबंदरासारखंच एक खरं बंदर कुठेतरी वर होतं, तिथे. पोचल्यावर त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा बँकेतून परतताना आंग मो किओच्या बस स्टॉपवर घामाने निथळत उभा होतो. म्हटलं, "काय साडूभाऊ, कसं आहे?"

"आहे," ते म्हणाले. "डोंगर आहेत. दीपगृह आहे. होड्या आहेत, दोर चांगले लांब सोडलेत." मागे समुद्रपक्षी ओरडत होते आणि ताई कुणाला तरी मराठीतूनच फोटो काढायला सांगत होत्या. "धक्क्यावरून तीनदा फिरून आलो मी. सगळं जिथल्या तिथे आहे हो. एक गोष्ट चुकलेली नाही. ओरडायला जागाच नाही."

मग तिकडून नुसतं पाणी दगडांवर आपटल्याचं ऐकू येत राहिलं. माझी बस आली आणि गेली. मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो.